मधली भिंत कधी फोडायची?

खडवलीतल्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागच्या अंगाला असते. पुढे ओटी, मग माजघर, मग चुलीची खोली आणि तिच्या मागे परस. घर वाढवायचे म्हटले की ते मागेच वाढते, कारण पुढे रस्ता असतो आणि बाजूला भाऊबंदांची भिंत. त्यामुळे इथे ‘किचन वाढवायचंय’ याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. परसात दहा बाय बाराची नवी खोली उभी करायची आणि जुन्या स्वयंपाकघराची मागची भिंत फोडून ती आत घ्यायची. काम तसे किरकोळ. कल्याण-टिटवाळा पट्ट्यात दहा-दहा मजले चढवणारे ठेकेदार असल्या कामाकडे बघतही नाहीत. पण घरच्यांच्या हालांचा हिशेब केला, तर एखादी वेगळी बेडरूम बांधण्यापेक्षा हे काम कितीतरी जड जाते. दिवसातून चार वेळा जिथे चहा, न्याहारी, जेवण होते, नेमकी तीच खोली बंद पडते.

म्हणून ‘काम कधी सुरू करायचं?’ हा प्रश्न मिस्त्रीला विचारण्यात फारसा अर्थ नाही. मिस्त्री मोकळा असेल तो दिवस सांगणार. आधी दोन वेगळ्याच तारखा ठरवाव्या लागतात. नवे छत पाण्याला पूर्ण बंद झाले पाहिजे अशी शेवटची तारीख ही पहिली, आणि मधली भिंत फुटणार तो दिवस ही दुसरी. या दोन पक्क्या झाल्या की पायाची कुदळ कधी मारायची हे आपोआप ठरते.

पहिली तारीख पाऊस ठरवतो. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. खडवली मुंबईपासून फार दूर नाही, तेव्हा ही तारीख इथेही धरायला हरकत नाही. गावातले जुने लोक मृग नक्षत्र धरतात, म्हणजे ७-८ जून. दोन्ही हिशेब जवळपास सारखेच. घोटाळा होतो तो सरासरीवर विसंबल्यामुळे. २०१९ आणि २०२३ साली मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोचला. २०२५ साली मात्र तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. म्हणजे सहा-सात वर्षांत महिनाभराचा फरक. स्लॅबचे सेंट्रिंग लागलेले, जुन्या छपराची मागची कौले उतरवलेली आणि २६ मे उजाडलेला, या अवस्थेत ज्यांची कामे त्या वर्षी अडकली असतील त्यांना ‘सरासरी ११ जून’ सांगून काय उपयोग? माझ्या मते खडवलीत छतासाठी शेवटची तारीख २० मे धरावी. तीसुद्धा सगळे गणित बिघडले तर गाठायची म्हणून. ठरवताना तिच्या बरेच अलीकडे थांबावे.

नदीचाही विचार हवा. भातसा गावाच्या अंगणातून वाहते असेच म्हणायला हवे, आणि वर शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. ४ ऑगस्ट २०१९ ला खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पुराने वेढले, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ५८ माणसांना बाहेर काढले. नदीकडच्या घरांनी खोली वाढवण्याआधी पूररेषा पाहून घ्यावी. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. परस नदीच्या बाजूला उतरत असेल तर नव्या खोलीचे जोते जुन्या घराच्या जोत्याएवढे उचलून घ्यावे लागते. भर टाकायची, ती ठोकायची, पाणी मारून बसू द्यायची, यात आठ-दहा दिवस सहज जातात. अंदाजपत्रकात हे दिवस कोणी लिहीत नाही.

आता दुसरी तारीख. बहुतेक घरांत भिंत पहिल्याच आठवड्यात फुटते. मिस्त्रीला ती सोयीची, कारण माल आत-बाहेर करायला वाट मिळते, मालकालाही काम ‘दिसायला’ लागते. आणि मग चार महिने घरातली बाई पडवीत, धुळीत, एका शेगडीवर स्वयंपाक करते. खरे तर पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम, गिलावा, लादी, ओटा, इतकेच काय नळाचे पाइपसुद्धा मधली भिंत जागच्या जागी ठेवून पूर्ण करता येतात. नवी खोली परसात आहे. तिचे दार परसातूनच वापरावे. माल मागून किंवा बाजूच्या बोळातून न्यावा लागेल, बिगारी थोडी कुरकुर करतील, मजुरी थोडी जास्त पडेल. पण जुने स्वयंपाकघर शेवटच्या दहा-बारा दिवसांपर्यंत चालू राहील. भिंत फोडणे, वर लिंटेल किंवा बीम घालून तिला आधार देणे, कडा गिलाव्याने सावरणे, जुन्या-नव्या लादीचा सांधा मारणे आणि पाण्या-गॅसची जोडणी हलवणे, एवढेच त्या दिवसांत उरते. एक गोष्ट मात्र आधी विचारावी. फोडायची भिंत जुन्या छपराचा भार पेलते का? जुन्या विटा-मातीच्या घरांत ती बहुधा पेलतेच. मग आधी टेकू आणि बीम, नंतर घण. हा क्रम मिस्त्रीच्या अंदाजावर न सोडता इंजिनिअरला एकदा दाखवून घ्यावा.

भिंत कधी फोडायची हे कॅलेंडरपेक्षा स्वयंपाकघर ठरवते. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कुणबी घरांत मार्च ते मे हे या खोलीचे सुगीचे दिवस असतात. मिरच्या वाळवून, भाजून, कांडून वर्षाचा मसाला भरायचा. पापड, कुरडया, सांडगे घालायचे. मेच्या शेवटी कैऱ्या येतात आणि लोणच्याच्या बरण्या निघतात. त्यात लग्नसराई आहेच. आगरी लग्नात हळदीच्या दिवशी घर किती पाहुण्यांनी भरते हे सांगायला नको. बांधकामाला सगळ्यात चांगले ऊन नेमके याच दिवसांत पडते, म्हणून मिस्त्री एप्रिल सांगतो. एप्रिलमध्ये भिंत फोडली तर वाळवण अंगणात, सिमेंटच्या गोण्यांच्या शेजारी. मसाल्यात रेती आलेली वर्षभर दाताखाली येते. घरातल्या कर्त्या बाईला तारीख विचारा, ती दोन मिनिटांत सांगेल. आपल्याकडे ठेकेदाराशी बोलायला पुरुष जातो, आणि ही माहिती त्याच्याजवळ नसते.

शाळेचेही आहे. घरात दहावीचे पोर असेल तर परीक्षा संपेपर्यंत घण चालवू नये. २०२५ ची राज्य मंडळाची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली. घरातले काम बाजूच्या खोलीत असले तरी घणाचा आवाज माजघरातून ओटीपर्यंत येतो.

या सगळ्याची बेरीज मांडली तर एकच जागा उरते. भिंत मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुटावी. परीक्षा झालेल्या असतात, मसाल्याच्या मिरच्या अजून पुऱ्या वाळायच्या असतात, आणि एप्रिल उजाडता नव्या ओट्यावर पहिले वाळवण करता येते. २० मेपर्यंत सात आठवडे हातात राहतात. ते उशिरासाठी राखून ठेवायचे. घरकामात उशीर होतोच.

तिथून मागे मोजत या. ओटा, लादी, नळफिटिंग मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. गिलावा फेब्रुवारीत. वीटकाम जानेवारीच्या शेवटी. स्लॅब जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. पाया आणि कॉलम डिसेंबरात. म्हणजे तुळशीचे लग्न झाले की आखणीची दोरी लागायला हवी. ज्यांना दिवाळीचा बोनस मिळतो त्यांना पैशाच्या दृष्टीनेही हे जुळते. मार्चअखेरीच्या रकमेची वाट बघत पाडव्यानंतर पाया खणणाऱ्यांचा स्लॅब मेच्या तोंडावर जातो आणि पुढचा सगळा खेळ पावसाशी होतो.

स्लॅब जानेवारीत टाकण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते: पाणी. सिमेंट सुकून घट्ट होते असा समज आहे. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होते, आणि ही क्रिया कितीतरी दिवस चालते. मधेच पाणी उडून गेले तर ती थांबते, स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे जुलैत त्यांतूनच ओल उतरते. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ४५६ या संहितेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओले ठेवायला सांगितले आहे, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस. कोरड्या, तापलेल्या हवेत हेच आकडे १० आणि १४ होतात. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा गोण्या मिश्र सिमेंटच्याच असतात, तेव्हा १४ दिवस धरून चालावे. कितीही घाई असली तरी यात सूट नाही.

दहा बाय बाराच्या स्लॅबवर सिमेंटचे वाफे करून दोन इंच पाणी साठवायचे तर एका भरण्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास लागते, आणि उन्हात ते रोज उडते. जानेवारीत विहिरीला पाणी असते. मे महिन्यात त्याच पाण्यासाठी घरात भांडणे होतात. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आहेत, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. हा विरोधाभास इथल्या लोकांना नवा नाही. अशा दिवसांत स्लॅबवर ओतलेले पाणी शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते, आणि मग पाणी मारणारा माणूस हळूहळू हात आखडतो. उन्हाळ्यातल्या स्लॅबच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते, मिस्त्रीच्या हातात नसते. शिवाय खडवली समुद्रापासून आत आहे. एप्रिल-मेच्या दुपारी इथला पारा मुंबईच्या पुढे जातो, काँक्रीट पसरून होईस्तो आटायला लागते. उन्हाळ्यात टाकायचाच झाला तर पहाटे मिक्सर सुरू करून दहाच्या आत थापी फिरलेली हवी.

(विलायतेत हे गणित उलटे. तिथे घराच्या मागे किचन वाढवणारे लोक हिवाळा टाळतात, कारण पारा ५ अंशांच्या खाली गेला की काँक्रीट घट्ट व्हायचे मंदावते आणि गोठले तर वाया जाते. थंडीत काम नको हा सल्ला तिकडच्या पुस्तकांत वाचून कोणी इथे उन्हाळ्याची वाट बघू नये.)

सेंट्रिंग काढायची घाईही वाईट. आयएस ४५६ प्रमाणेच साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवसांनी. जाणते मिस्त्री यापेक्षा जास्तच ठेवतात. पण भाड्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असल्या की सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी दारात उभा. प्लेटांचे भाडे किती दिवसांचे, हे स्लॅबच्या आधीच बोलून घ्यावे.

विटांचा हंगामही जानेवारीशी जुळतो. कल्याण-भिवंडी-शहापूर पट्ट्यातल्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात. जव्हार-मोखाड्याकडची, शहापूरची कातकरी कुटुंबे तिथे कामाला उतरतात आणि मृगाच्या आधी गावी परततात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळते ती गेल्या हंगामातली, चार महिने पावसात भिजलेली वीट, तीही शिल्लक असेल तर. नवी भट्टी जळून ताजी वीट निघायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, आणि आपल्याला ती नेमकी स्लॅबनंतर लागते. रेतीबद्दल फार बोलण्यासारखे उरले नाही. नदीतला उपसा पावसाळ्यात बंद असतो, इतर वेळी महसूल खात्याची नजर असते, आणि घरकामाला आता दगड फोडून केलेली क्रश सँडच येते. फक्त टेम्पो रविवारी मागवू नये. सुट्टीच्या दिवशी भातसेवर मुंबई-ठाण्याची सहल उतरते आणि स्टेशन ते नदी रस्त्यावर गाड्या लागतात. अंगारकीला टिटवाळ्याचा रस्ता तुंबतो तेही लक्षात ठेवावे. कल्याण-उल्हासनगरहून लोकलने येणारा लादीवाला रविवारी मेगाब्लॉकमध्ये अडकू शकतो. स्लॅब रविवारी टाकायची आपली सवय मालकाच्या सुट्टीमुळे पडली आहे, कामाच्या सोयीमुळे नाही.

माणसांचे कॅलेंडर आणखी निराळे. भातलावणीच्या जुलैत आणि कापणी-झोडणीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावातला बिगारी मिळत नाही, मिळाला तरी दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी शेतावर असतो. लादी, रंग, सुतारकाम करणारे कारागीर बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे. ते दिवाळी-छठला जातात आणि होळीला पुन्हा जातात. गेले की परतीचे तिकीट मिळेल तेव्हा येतात. होळी कुठल्या तारखेला आहे ते बघून लादी तिच्या आधी संपवावी किंवा सरळ नंतर ठेवावी. अर्धी लादी लावून गेलेल्या कारागिराची वाट बघण्यात गेलेला पंधरवडा भिंत आधी फोडलेल्या घराला फार महाग पडतो. भिंत शाबूत असलेले घर निवांत जेवत असते.

पंचांगाचे काय? ज्यांना मुहूर्त हवा त्यांनी जरूर बघावा, फक्त तो कशाचा हे ठरवावे. पायाभरणी आणि नव्या चुलीचे पूजन हे दोन दिवस मुहूर्ताला दिले की पुरते. भिंत फोडण्याला मुहूर्त लागत नाही. अधिक महिना मात्र आधीच बघावा. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात नव्या चुलीला हात न लावणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यानंतर लगेच पावसाळा. अधिक महिन्याने गणपतीही पुढे सरकतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ‘गणपतीपर्यंत करून देतो’ या शब्दाची किंमत दर वर्षी वेगळी असते. गौरीचा नैवेद्य अर्धवट ओट्यावर करायची वेळ आलेल्या बायका हे वाक्य पुन्हा ऐकून घेत नाहीत.

शेवटच्या दहा-बारा दिवसांची तात्पुरती मांडणी आधी करून ठेवावी. पडवीत किंवा ओटीच्या कोपऱ्यात, वारा शेगडीवर येणार नाही पण हवा खेळती राहील अशी जागा बघावी. सिलिंडर नेहमी उभा, जमिनीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे खोलगट, बंद जागेत सिलिंडर ठेवू नये, आणि लादी किंवा सळई कापायचे ठिणग्या उडवणारे मशीन जवळ असताना शेगडी बंद ठेवावी. रबरी नळी पाच वर्षांची झाली असेल तर हलवाहलवीच्या निमित्ताने बदलून टाकावी. परसात चूल असलेल्या घरांचे भाग्यच. भाकऱ्या, आंघोळीचे पाणी आणि आठवड्याचे मटण तिच्यावर होऊन जाते. भांडी घासायला मोरीचे पाणी तोडण्याआधी परसात एक नळ काढून घ्यावा. हा नळ नंतरही कामाला येतो.

परवानगीचे काम पावसाळ्यातच उरकावे. तेव्हा बांधकाम बंदच असते. गावठाणातल्या घरालाही ग्रामपंचायतीचा कागद लागतो. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिची मोकळ्या जागेची अंतरे आपल्या परसाला कशी लागतात हे नकाशा काढणाऱ्याकडून समजून घ्यावे. खोलीच्या मापाचा अंदाज हवा असेल तर राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावे, तिथेच जेवायला बसायचे तर ७.५ चौरस मीटर, असे आकडे आहेत. दहा बाय बारा म्हणजे ११ चौरस मीटरच्या वर, म्हणजे ऐसपैस. डोंबिवली-कल्याणच्या फ्लॅटवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना परस नाही, बाल्कनी आत घेण्याचा मोह आहे. तिथली भिंत शेवटी नव्हे, सोसायटीची आणि पालिकेची परवानगी व इंजिनिअरचा होकार मिळेपर्यंत कधीच फोडू नये.

एक काम मात्र मार्चमध्ये पुरे करू नये. जुने घर वर्षानुवर्षे आपल्या पायावर बसलेले असते. नवी खोली पहिल्या पावसात बसते, विशेषतः खाली काळी माती असेल तर, कारण ती उन्हाळ्यात आकसते आणि पाण्याने फुगते. पाया मुरुमापर्यंत नेला तरी थोडी हालचाल होतेच. जुन्या-नव्याच्या सांध्यावर कडक गिलावा मारून वर रंग दिला की सप्टेंबरात तिथे सरळ रेघ उमटते आणि घरमालक मिस्त्रीला बोल लावतो. सांधा लवचीक मसाल्याने भरावा, वर जुन्या छपराच्या वळचणीला पत्र्याची पट्टी द्यावी, म्हणजे पाणी पलीकडे पडेल, आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. रंग आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या दसऱ्यानंतर. नव्या गिलाव्यात ओल असताना दिलेला रंग फुगतो, आणि दमट जुलैत बसवलेल्या प्लायची दारे नोव्हेंबरात नीट लागत नाहीत. तोवर ओट्याखाली पडदा लावून डबे ठेवावेत. सुताराला मापे घ्यायला ऑक्टोबरातच बोलवावे. त्याने मेमध्ये येऊन मापे लिहून नेली असली, तरी पुन्हा घ्यायला लावावीत.